दोनदा मारला की लागतो

“ब्रेक जरा मऊ आहे, पण दोनदा मारला की लागतो.” जुनी पिकअप चालवणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य आपण हमखास ऐकतो. बाजाराच्या दिवशी भाजीच्या क्रेटशेजारी बसून, वऱ्हाडाबरोबर, किंवा एस.टी. चुकल्यावर शाळा गाठण्यासाठी आपल्यापैकी अनेकांनी अशा गाडीतून प्रवास केलेला असतो. चालक हे वाक्य धीर देण्यासाठी बोलतो. पण त्यात रोगाचे लक्षणही आहे आणि निदानाची पहिली खूणही. दुसऱ्यांदा दाबल्यावर असे काय बदलते, की पहिल्यांदा न लागलेला ब्रेक लागतो? या प्रश्नाच्या मागे गेलो तर पाना हातात घेण्याआधीच बिघाड कुठे आहे याचा बराचसा अंदाज येतो. त्यासाठी लागणारे विज्ञान शाळेच्या पुस्तकापलीकडचे नाही.

आधी थोडा हिशेब करू. जुन्या पिकअपला बहुधा पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. ब्रेकचे पेडल ही एक तरफ आहे. ती पायाचा जोर सुमारे पाचपट करते, असे धरू. आपण २० किलोचा जोर लावला तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलोचा जोर पडतो. या दट्ट्याचे क्षेत्रफळ ५ चौरस सेंमी असेल, तर ब्रेक ऑइलमध्ये दर चौरस सेंमीला २० किलो इतका दाब तयार होतो. पास्कलच्या नियमानुसार हा दाब नळ्यांतून सगळीकडे सारखाच पोचतो. पुढच्या चाकाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ २३ चौरस सेंमी धरले, तर तिथे ४६० किलोचा जोर मिळतो! बूस्टर हा जोर आणखी काही पट वाढवतो, पण हिशेब सोपा राहावा म्हणून त्याला तूर्त बाजूला ठेवू. आकडे गाडीगणिक बदलतील, हिशेब मात्र हाच राहील. पास्कलचा हा सिद्धान्त सांगणारा ग्रंथ १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, छापून आला. तो मोटारीच्या चारही चाकांपर्यंत पोचायला १९२१ साल उजाडावे लागले.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. जोर वाढला की अंतर घटते. पेडल ५ सेंमी खाली गेले तर मास्टर सिलिंडरचा दट्ट्या १ सेंमी सरकतो आणि ५ घन सेंमी ऑइल पुढे ढकलतो. पेडल पार तळाला टेकेपर्यंत फार तर बारा-तेरा घन सेंमी. चार चाकांचा सगळा कारभार एवढ्या पुंजीत चालतो. यातले दोन-तीन घन सेंमी जरी वाया गेले, तरी पायाला लगेच जाणवते. मऊ पेडल म्हणजे ही पुंजी कुठेतरी वाया जाते आहे. ती हवा दाबण्यात जाते, वाढलेले अंतर भरून काढण्यात जाते, की गळून जाते, हे आपल्याला ओळखायचे आहे.

हे वर्गात दाखवायला दोन न वापरलेल्या सिरिंज आणि सलाइनच्या नळीचा तुकडा पुरतो. सुया लावू नयेत. सिरिंज आणि नळी पाण्याखाली धरून बुडबुडा न राहता भरा आणि जोडा. एक दट्ट्या दाबला की दुसरा तत्काळ सरकतो. आता दुसरा दट्ट्या एखाद्या विद्यार्थ्याला घट्ट धरायला सांगा. पहिला भिंतीसारखा अडेल. दर चौरस सेंमीला २० किलोच्या दाबाखालीसुद्धा पाण्याचे आकारमान हजारात एक भागानेही कमी होत नाही. मग नळीत २ मिलि हवा येऊ द्या आणि पुन्हा दाबा. दट्ट्या आत जातो, सोडला की मागे येतो, आणि दुसऱ्या टोकाला फारसे काही पोचत नाही. गॅरेजमध्ये ‘ब्रेकने एअर धरली’ म्हणतात ती हीच.

एक घन सेंमी हवेची किंमत किती? बॉइलच्या नियमाने काढता येते. २० किलोचा जादा दाब म्हणजे वातावरणाचा धरून सुमारे २१ पट दाब. हवा एकविसाव्या हिश्श्यावर येते आणि तिच्या जागी जवळजवळ ०.९५ घन सेंमी ऑइल जाऊन बसते. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला त्यासाठी सुमारे २ मिमी जास्त सरकावे लागते, पेडलला जवळजवळ एक सेंमी. हरभऱ्याच्या दोन-तीन दाण्यांएवढी हवा, आणि पेडल बोटभर खाली!

आता ड्रमकडे वळू. मागच्या ब्रेकचे शू झिजले की शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढते. प्रत्येक चाकात दोन, म्हणजे मागे एकूण चार छोटे दट्टे असतात. प्रत्येकाचे क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंमी आणि प्रत्येकाला १ मिमी जास्त चालावे लागले असे धरा. दीड घन सेंमी ऑइल गेले आणि पेडल दीड सेंमी खाली आले. इथे हवेचा संबंधच नाही, फक्त अंतर वाढले आहे. तक्रार मात्र तीच ऐकू येते, आणि म्हणूनच कित्येक ठिकाणी एअर पुन्हापुन्हा काढली जाते, मास्टर सिलिंडरही बदलला जातो, आणि पेडल होते तिथेच राहते.

हे दोन्ही वेगळे ओळखण्याची युक्ती त्या दुसऱ्या दाबण्यातच आहे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत आणि पेडल भराभर तीन-चार वेळा दाबावे. शू पूर्ण मागे येण्याआधीच वरच्या टाकीतले थोडे ऑइल दट्ट्यापुढे येते, त्यामुळे दोन्ही प्रकारांत पेडल वर चढते. पण कसे चढते ते पाहावे. वर येऊन दगडासारखे घट्ट झाले तर फट वाढली आहे. ड्रमच्या भोकातून दातेरी चाक फिरवून शू जवळ आणले की काम होते. स्वतः जुळणारी यंत्रणा असली तरी जुन्या गाड्यांत ती गंजून अडकलेली सापडते. उलट वर येऊनही पेडल पायाखाली स्पंजासारखे दबत असेल तर आत हवा आहे, किंवा जुने रबरी होज पाइप दाबाने फुगताहेत.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आणि आमच्या मते सर्वांत घातक. पेडल वर असते, घट्टही लागते, पण पाय तसाच दाबून ठेवला की हळूहळू खाली उतरू लागते. इंजीन चालू ठेवून अर्धा-एक मिनिट पाय स्थिर ठेवावा आणि घड्याळ पाहावे. (इंजीन सुरू होताना पेडल किंचित खाली जाते. तो बूस्टर चालू असल्याचा पुरावा आहे, दोष नव्हे.) ही परीक्षा जोरात दाबून एकदा आणि हलक्या पायाने एकदा, अशी दोन वेळा करावी. मास्टर सिलिंडरमधले झिजलेले रबरी वॉशर मोठ्या दाबाखाली भिंतीला चिकटतात आणि गळती लपवतात. हलक्या दाबाखाली मात्र ऑइल त्यांच्या कडेने मागे निसटते. सिग्नलला थांबलेल्या गाडीचे पेडल खाली जाते आणि वेगात ब्रेक ठीक लागतो, यामागचे गूढ बहुधा एवढेच असते.

अशा वेळी टाकीतली पातळी पाहावी. पातळी स्थिर असेल तर ऑइल आतल्या आतच मागे फिरते आहे. पातळी उतरत असेल तर ते बाहेर जाते आहे. टायरची आतली बाजू, ड्रमची मागची पत्रा-बाजू, होजचे सांधे बोट फिरवून तपासावेत. सगळे कोरडे असूनही पातळी उतरत असेल तर संशय बूस्टरवर घ्यावा. मास्टर सिलिंडरचे मागचे वॉशर गेले की ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जाते आणि जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. पॅड झिजतील तशी पातळी महिनोन्‌महिने थोडी उतरतेच, तिची काळजी नको.

हवा नेमकी कोणत्या भागात आहे हेही शोधता येते. रबरी होज गुळगुळीत तोंडाच्या चिमट्याने एकेक करून दाबावेत. अशा गाडीत ते बहुधा तीनच असतात, पुढच्या चाकांना दोन आणि मागच्या धुरीला एक. जो दाबल्यावर पेडल घट्ट होते, त्याच्या पलीकडे दोष. एका वेळी एकच घटक बदलायचा, हा प्रयोगशाळेतला नियम गाडीखालीही लागू पडतो. मात्र तडे गेलेला होज दाबू नये, तो आधीच बदलावा.

पिकअपची म्हणून एक खास अडचण आहे. रिकामी असताना तिची मागची बाजू हलकी असते आणि मागची चाके चटकन घसरतात. म्हणून अनेक गाड्यांत मागच्या धुरीशी जोडलेली, भारानुसार दाब बदलणारी झडप असते. एअर काढण्यासाठी मागची बाजू जॅकवर उचलली की धुरी खाली लोंबते. झडपेला वाटते गाडी रिकामी आहे, आणि ती मागचा प्रवाह आखडते. हवा आतच राहते. ज्या गाडीला ही झडप आहे तिची एअर चाके जमिनीवर टेकलेली ठेवून काढावी. काढतानाही जुन्या गाडीचे पेडल पार तळापर्यंत दाबू नये. सिलिंडरच्या त्या न वापरलेल्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो, त्यावर घासून चांगले वॉशर फाटतात. ‘दोनदा मारून’ चालवणाऱ्यांच्या गाडीत हे नकळत रोजच होत असते.

शेवटचा प्रकार गॅरेजमध्ये कधीच सापडत नाही. पाचगणीहून माल भरून पसरणी घाटाने वाईला उतरणारी पिकअप घ्या. उंचीतला फरक पाचशे मीटरहून जास्त. गाडी आणि माल मिळून अडीच टन धरले तर सव्वा कोट ज्यूलच्या आसपास ऊर्जा खाली येईपर्यंत कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेने सुमारे चाळीस लीटर पाण्याला उकळी फुटेल. वरच्या गिअरमध्ये नुसत्या ब्रेकवर उतरल्यास त्यातली बरीच उष्णता ड्रम, डिस्क आणि शेवटी ऑइलमध्ये शिरते. ब्रेक ऑइल हे नावापुरतेच ‘ऑइल’ आहे. सर्वसाधारण प्रकार ग्लायकॉल वर्गातल्या रसायनांचा असतो आणि तो हवेतले बाष्प शोषून घेतो. डॉट ३ दर्जाचे कोरडे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. पाय उचलला की दाब जातो, गरम ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढच्या वळणावर पेडल सरळ तळाला जाते. (पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, असे झाले तर ऑइल नव्हे, लायनर तापले आहेत.) तासाभराने सगळे थंड होते, वाफेचे पुन्हा ऑइल होते, आणि मेकॅनिकला पेडल ठणठणीत सापडते. म्हणून ब्रेक कधी मऊ झाला हे चालकाने सांगणे भाग आहे. घाट उतरताना झाला असेल तर पार्ट बदलण्याआधी सगळे ऑइल बदलावे. नवे ऑइल सीलबंद डब्यातले असावे. फळीवर गेल्या वर्षीपासून उघडा पडलेला अर्धा डबा बहुतेक गॅरेजांत असतो, तो कितीही स्वच्छ दिसला तरी वापरू देऊ नये. आणि टाकीत इंजीन ऑइल तर कधीच नको, त्याने आतले सगळे रबर फुगते.