इशाऱ्यातला पिवळा वेगळा, पावसाच्या तुटीतला पिवळा वेगळा! मोबाईलवर आलेला नकाशा कसा वाचायचा?

जून लागला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हवामान खात्याचे रंगीत नकाशे फिरायला लागतात. एका ग्रुपवर कुणी लिहितं, 'आपला जिल्हा पिवळा आहे, घाबरायचं कारण नाही.' दुसऱ्या ग्रुपवर पिवळा रंग बघूनच 'पेरणीची घाई करू नका' असा सल्ला येतो. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात. नकाशे दोन आहेत, आणि दोन्हींत पिवळ्याचा अर्थ उलटा आहे.

पहिला नकाशा इशाऱ्याचा. त्यात चार रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे लगेच हालचाल करा. हा नकाशा येणाऱ्या दिवसांबद्दल बोलतो. यातला पिवळा हा सगळ्यात सौम्य इशारा. टीव्हीवर रोज 'यलो अलर्ट' ऐकून हा अर्थ सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे.

दुसरा नकाशा पडून गेलेल्या पावसाचा. जिल्ह्यात सरासरीच्या मानाने किती कमी-जास्त पाऊस झाला, ते तो दाखवतो. सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त असेल तर हिरवा. २० ते ५९ टक्के जास्त असेल तर फिका निळा, ६० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर गडद निळा. तूट २० ते ५९ टक्के असेल तर लाल. आणि तूट ६० ते ९९ टक्के असेल तर? पिवळा! म्हणजे लाल जिल्ह्यापेक्षा पिवळ्या जिल्ह्याची अवस्था वाईट. पाऊस अजिबातच नसेल तर पांढरा.

आकड्यात बघू. समजा एखाद्या जिल्ह्यात जूनअखेर सरासरी १०० मिलिमीटर पाऊस व्हायला हवा. ८१ मिलिमीटर झाला तर जिल्हा हिरवा दिसेल, ८० झाला तर लाल. एका मिलिमीटरने शेतात काही फरक पडत नाही, पण नकाशावर रंग पार बदलतो. ८० पासून ४१ पर्यंत एकच लाल, म्हणजे जेमतेम कमी पडलेला आणि निम्म्याहून कमी पडलेला असे दोन्ही जिल्हे सारखेच दिसणार. ४० किंवा त्याहून कमी झाला की पिवळा. दुबार पेरणीची वेळ खरं तर या पिवळ्या पट्ट्यात जास्त येते, आणि नेमका तोच रंग डोळ्याला सौम्य वाटतो.

नकाशा चुकीचा आहे असं नाही. आकडे बरोबर असतात, खाली रंगांची सूचीही दिलेली असते. पण फॉरवर्ड करताना ती सूची कापली जाते, तारीख कापली जाते, आणि उरतो नुसता रंगीबेरंगी महाराष्ट्र. मग वाचणारा आपल्या सवयीने अर्थ लावतो.

रंग कसे निवडावेत, यावर जगात बरंच काम झालेलं आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या नकाशातज्ज्ञ सिंथिया ब्रूअर यांनी 'कलरब्रूअर' नावाचं साधन तयार केलं, ते आजही वापरात आहे. त्यातलं मुख्य सूत्र असं, की माहिती कोणत्या प्रकारची आहे ते आधी बघा, मग रंग ठरवा. नुसतं कमी ते जास्त दाखवायचं असेल, उदाहरणार्थ धरणातला साठा, तर एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटा घ्याव्यात. मधे सरासरी आणि दोन्हीकडे कमी-जास्त असेल तर मधला रंग फिका ठेवून दोन टोकांना दोन वेगळे रंग गडद करत न्यावेत. आणि ज्यात लहान-मोठं काहीच नाही, जसं कापूस, सोयाबीन, तूर यांचं क्षेत्र, तिथे प्रत्येकाला वेगळा रंग द्यावा.

यामागचं कारण साधं आहे. हिरवा मोठा की लाल मोठा, असं डोळा सांगू शकत नाही. फिका कोणता आणि गडद कोणता, हे मात्र लहान पोरगंही सांगतं. भात पिकवणाऱ्यांना हे नवीन नाही. युरिया कधी द्यायचा ते ठरवायला पानाचा रंग जुळवून बघायची जी प्लास्टिकची पट्टी असते, तिच्यावर पोपटी ते गडद हिरव्या अशा एकाच रंगाच्या छटा असतात. तिथे लाल-निळं काही नाही, म्हणून ती कुणालाही वाचता येते.

इंद्रधनुष्यासारखे सगळे रंग ओळीने वापरलेले नकाशे दिसायला झकास, पण शास्त्रज्ञांत त्यांच्याबद्दल बरीच तक्रार आहे. त्यात पिवळा पट्टा सगळ्यात उजळ असतो. त्यामुळे तापमान हळूहळू वाढत असलं तरी पिवळ्याजवळ एकदम मोठा फरक पडल्यासारखा वाटतो. २०२० मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात फाबिओ क्रामेरी आणि सहकाऱ्यांनी या गैरवापरावर लेखच लिहिला. आलेख काढायच्या 'मॅटप्लॉटलिब' या प्रणालीनेही २०१७ च्या आवृत्तीपासून इंद्रधनुष्य सोडून 'विरिडिस' ही गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत सारख्या गतीने उजळत जाणारी रंगमाला मूळ म्हणून घेतली.

दुसरा मुद्दा रंगांधळेपणाचा. काहींना लाल आणि हिरव्यातला फरक जन्मापासूनच नीट कळत नाही, आणि असे लोक बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त असतात. अशा माणसासाठी 'सरासरीइतका' हिरवा जिल्हा आणि 'तुटीचा' लाल जिल्हा जवळपास सारखाच. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय अहवालांत पावसासाठी तपकिरी ते हिरवा अशी रंगमाला वापरतात. कोरडं ते तपकिरी, ओलं ते हिरवं, मधे फिकं. आपल्याकडे तुटीसाठी फिका तपकिरी आणि मोठ्या तुटीसाठी गडद तपकिरी घेतला तर शेतकऱ्याला सूची न बघताही अंदाज येईल. 

नकाशा चांगला आहे का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. मोबाईलमध्ये फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, किंवा त्याची साधी झेरॉक्स काढा. कमी ते जास्त हा क्रम तरीही कळला तर रंग नीट निवडलेत. तुटीच्या नकाशाची झेरॉक्स काढली की लाल आणि हिरवा दोन्ही करडे होतात, आणि सगळ्यात मोठ्या तुटीचा पिवळा जवळजवळ कोरा कागद दिसतो. ग्रामपंचायतीच्या फलकावर अशी झेरॉक्स लावणाऱ्यांनी जिल्ह्याच्या नावापुढे टक्केवारी पेनाने लिहिलेली बरी.

ग्रुपवर नकाशा आला की वरचं शीर्षक आणि तारीख बघा. 'वॉर्निंग' लिहिलं असेल तर तो इशारा, 'डिपार्चर' किंवा उणे-अधिक टक्के असतील तर तो पडलेल्या पावसाचा हिशेब. तो हिशेब एका दिवसाचा, आठवड्याचा की १ जूनपासूनचा, हेही तिथेच असतं. एकाच तारखेला जिल्हा आठवड्याच्या नकाशात पिवळा आणि हंगामाच्या नकाशात हिरवा असू शकतो. शिवाय रंग अख्ख्या जिल्ह्याचा असतो. एका तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला तर शेजारचा कोरडा तालुकाही हिरव्यात जातो. आपल्या भागाचं खरं चित्र हवं असेल तर राज्याच्या 'महारेन' संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे मिळतात.