खिडकीखालची ओल आणि न थांबणारा खोकला

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात खोकल्याचे रुग्ण वाढतात, यात नवे काही नाही. सर्दी-पडसे घरोघर फिरते आणि आठ-दहा दिवसांत बहुतेकांचे बरे होते. पण दरवर्षी काही रुग्ण असे असतात की त्यांचा खोकला जूनच्या मध्याला सुरू होतो तो दिवाळीपर्यंत पाठ सोडत नाही. औषध चालू असेपर्यंत उतार पडतो, थांबवले की पुन्हा तेच. अशाच एका सात वर्षांच्या मुलीची हकीकत सांगतो.

मुलीला तिचे आजोबा घेऊन येत. ते निवृत्त शिक्षक. रात्री दोन-अडीचच्या सुमारास कोरडा खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज आणि पहाटे धाप, असे तीन पावसाळे चालले होते. छातीचा फोटो स्वच्छ होता. घरात कोणाला क्षय नव्हता, कोणी विडी-सिगारेट ओढत नव्हते. पंपाचे औषध दिले की बरे वाटे. एकदा सहज विचारले, "गुरुजी, ही मामाकडे गेल्यावर कशी असते?" ते म्हणाले, "मामाचं गाव देशावर. तिथे आठ दिवस अगदी ठणठणीत होती." मी पुढे विचारले, "तीन वर्षांपूर्वी तुमच्या घरात काही बदललं का?" थोडा विचार करून ते म्हणाले, "घर नवं केलं की. जुन्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवल्या."

काही दिवसांनी त्या बाजूला एका रुग्णाला पाहायला जाणे झाले, तेव्हा गुरुजींच्या घरी डोकावलो. मुलीची कॉट पश्चिमेच्या खिडकीखाली भिंतीला टेकवलेली होती. भिंतीला फिकट निळा ऑइलपेंट, आणि खिडकीच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांपासून त्या रंगाला फोड आलेले. कॉट पुढे ओढली तर मागे हातभर रुंदीचा काळा-हिरवट पट्टा दिसला. गादीची भिंतीकडची कड हाताला दमट लागत होती. गुरुजी ओशाळले. म्हणाले, "दरवर्षी दसऱ्याला तेवढा भाग रंगवून घेतो, डॉक्टर." म्हणजे रंग दरवर्षी नवा होत होता आणि पाणी दरवर्षी तिथूनच येत होते.

ओल्या भिंतीने काय होते

भिंत सतत ओली राहिली की तिच्यावर बुरशी धरते. चुना-सिमेंटवर बुरशी जगत नाही असे काहींना वाटते, पण तिला रंगातला चिकट भाग, धूळ, लाकूड, प्लायवूड, कागद, कापूस यांपैकी काहीही पुरते. तिचे सूक्ष्म कण हवेत उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात. ज्यांच्या शरीराला त्यांची ॲलर्जी असते त्यांना शिंका, नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे, खोकला आणि दम्याचा झटका असे त्रास होतात. शिवाय गादी-उशीतले डोळ्यांना न दिसणारे किडेही ओलाव्यातच वाढतात आणि त्यांची विष्ठा हे दम्याचे मोठे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अशा घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दमा अधिक प्रमाणात आढळतो, असा तिचा निष्कर्ष आहे.

जुन्या दमेकऱ्यांमध्ये ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची एक वेगळी ॲलर्जी आढळते. तिच्यात छातीच्या फोटोवर डाग दिसतात आणि ते क्षयाचे समजून क्षयाची औषधे सुरू होतात, असे आपल्या देशात वारंवार घडलेले आहे. तेव्हा बेडका तपासून क्षयाचा पुरावा मिळाला नसेल आणि रुग्ण जुना दमेकरी असेल, तर डॉक्टरांना या शक्यतेबद्दल जरूर विचारावे.

हा त्रास आपल्या गरीब देशापुरताच, असेही नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा दगावला. घरातील बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्यामुळे झालेल्या श्वसनविकाराने तो गेला, असा निर्णय २०२२ साली तेथील मृत्यू-चौकशी अधिकाऱ्यांनी दिला. त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली होती. त्यांना उत्तर मिळाले होते, वरून रंग द्या. या प्रकरणानंतर तिकडे घरमालक संस्थांना ठरावीक मुदतीत ओल दुरुस्त करायला लावणारा कायदा झाला. आपल्याकडे बहुतेकांची घरे स्वतःची, त्यामुळे तक्रार करायची ती आपल्याकडेच.

पाणी शिरते कुठून

रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नैऋत्येचा वारा त्याला आडवा करून भिंतीवर मारतो. जुन्या घरांना लांब वळचण आणि पडवी असे, पागोळ्या भिंतीपासून दूर पडत, आणि तरीही पश्चिमेच्या अंगाला झापे बांधत. आता स्लॅबच्या घराला दीड फुटाचा छज्जा आणि वाऱ्याच्या तोंडावर सहा फुटांची खिडकी. हवेसाठी खिडकी मोठी असावी, हे बरोबरच आहे. पण मग तिचे काम चोख हवे.

खिडकीखालचा दगड, बहुधा कडप्पा, बाहेरच्या बाजूला उतरता हवा. फूटभर रुंदीला निदान इंचभर उतार. पुष्कळ ठिकाणी तो सपाट असतो, काही ठिकाणी चक्क आत उतरता. तो गिलाव्याच्या बाहेर दीड-दोन इंच यायला हवा आणि त्याच्या खालच्या अंगाला कडेपासून थोडी आत एक बारीक खाच हवी. चहा ओतताना भांड्याच्या कडेवरून ओघळ मागे वळून बुडाखाली जातो, तसेच पाणी दगडाच्या खालून मागे सरकते आणि भिंतीला मिळते. खाच असली की थेंब तिथेच तुटून खाली पडतो. ही खाच कापायला फार वेळ लागत नाही, आणि तरी बहुतेक घरांत ती नसते.

दुसरी जागा चौकट आणि भिंत यांमधली फट. लाकडी चौकट गवंडी बांधकामाबरोबरच बसवत असे. ॲल्युमिनियमची खिडकी मागाहून येते आणि भोक तिच्यापेक्षा मोठे ठेवावे लागते. ही फट कधी विटांचे तुकडे, कधी सिमेंटच्या पिशवीचा कागद कोंबून बुजवतात आणि वरून व्हाइट सिमेंटचा हात फिरवतात. धातू उन्हाने फुगतो, थंडीने आकसतो. व्हाइट सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही आणि वर्षभरात केसासारखी चीर पडते. फट आतपर्यंत पक्क्या मालाने भरून बाहेरून सिलिकॉनची सलग रेघ हवी. तीही धूळ झाडून, जागा पूर्ण कोरडी असताना. ओल्या किंवा धुळकट भिंतीवर मारलेले सिलिकॉन पहिल्याच पावसात सोलून निघते आणि मग दोष सिलिकॉनच्या माथी येतो.

स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीत थोडे पाणी येणारच. ते बाहेर जावे म्हणून पट्टीच्या बाहेरच्या अंगाला भोके असतात. ती मुळात पाडलेलीच नसतात, नाहीतर गिलावा करताना सिमेंटने बुजलेली असतात. मग पट्टी भरते आणि पाणी घरात सांडते. मे महिन्यात झाडूच्या काडीने ती मोकळी करावीत. चौथी जागा वरचा छज्जा. त्यावर उतार नसेल आणि छज्जा भिंतीला मिळतो त्या कोनात गवंडी ज्याला वाटा म्हणतात ती सिमेंटची गोलाई नसेल, तर तिथे साचलेले पाणी खिडकीच्या डोक्यावरून भिंतीत उतरते.

हे सगळे वाचून गवंड्याला दोष देण्याची घाई करू नये. खिडकीच्या कामाला तीन माणसे लागतात: गवंडी, ॲल्युमिनियमवाला आणि रंगारी. प्रत्येक जण आपले काम करून जातो आणि सांधा मात्र कोणाचाच नसतो. (आम्हा डॉक्टरांचेही असेच असते. नाक एकाकडे, छाती दुसऱ्याकडे, आणि घर कोणीच पाहत नाही.) शिवाय "काही करा, पण गणपतीपूर्वी घर द्या" असे सांगणारे आपणच असतो. गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारायचे आणि नंतर तो नीट सुकू द्यायचा, तिथे चौथ्या दिवशी रंग चढतो.

दुरुस्ती

क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाहेरून पाणी थांबवायचे, मग भिंत सुकू द्यायची, मग बुरशी काढायची आणि सगळ्यात शेवटी रंग. आपल्याकडे तो नेमका उलटा असतो.

पाणी कुठून येते हे अंदाजाने ठरवू नये. उन्हाळ्यात कोरड्या दिवशी एकाने बाहेर नळी घेऊन उभे राहावे, दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन. पाणी खालून वर मारत जावे: आधी दगडाखालच्या भिंतीवर, मग दगड आणि चौकटीच्या सांध्यावर, मग बाजूंना, शेवटी छज्ज्यावर. प्रत्येक जागी दहा-पंधरा मिनिटे. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. नवे काम करून घेत असाल तर शेवटचा हप्ता देण्यापूर्वी हीच परीक्षा तिन्ही कारागिरांसमोर घ्यावी आणि तसे आधीच कागदावर लिहून ठेवावे. जमिनीलगत सलग पट्टा ओला असेल तर ओल खालून चढत असते, आणि मोरीमागची भिंत बारमाही ओली असेल तर नळ गळत असतो. तिथे खिडकी दुरुस्त करून उपयोग नाही.

पाणी थांबल्यावर भुसभुशीत झालेला गिलावा खरवडून काढावा. भिंत सुकली की नाही हे पाहायचे असेल तर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून दोन दिवस भिंतीवर ठेवावा. आतून दव धरले तर अजून थांबायचे.

बुरशी कोरड्या कुंच्याने घासू नये, सगळे कण खोलीभर उडतात. नाकातोंडावर मास्क आणि हातात मोजे घालून, खिडक्या उघडून, साबणाच्या पाण्याने ओली करून पुसून काढावी. फडके टाकून द्यावे. नुसते ब्लीच शिंपडून भागत नाही, कारण मेलेल्या बुरशीच्या कणांचीही ॲलर्जी येते. आणि ब्लीच संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसे जाळतो. दमेकऱ्याने हे काम स्वतः करू नये, त्या वेळी खोलीतही थांबू नये.

ऐन पावसात बाहेरचे काम होत नाही. तोवर खिडकीवर बाहेरून झाप किंवा जाड प्लॅस्टिक बांधावे. कॉट आणि कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. उघडीप मिळाली की गाद्या उन्हात घालाव्यात, भिजलेली कापसाची गादी सुकत नसेल तर टाकावी. झोपण्याच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नयेत. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कपडे वाळवण्याची पद्धत तर घातकच. त्या धुराने दमा चाळवतो आणि कार्बन मोनॉक्साइडने जीवही जातो. पावसाळ्यात आपल्याकडची हवाच दमट, त्यामुळे घर कोरडे ठणठणीत ठेवा हा सल्ला शब्दशः पाळता येणार नाही. पण हवेतला दमटपणा वेगळा आणि भिंतीत मुरलेले पाणी वेगळे. दुसरे आपल्या हातात आहे.

खिडकी दुरुस्त केली म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. पंपाची सवय लागते हा समज अजून जात नाही. वास्तविक पंपातील मात्रा अत्यल्प असते आणि ती थेट श्वासनलिकेत जाते. मूल बोलताना वाक्य पुरे करू शकत नसेल, श्वासागणिक फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

गुरुजींच्या घरी एप्रिलमध्ये नळीची परीक्षा झाली. सांध्यावर पाणी धरल्यावर सातव्या मिनिटाला आत कॉटच्या जागी ओघळ दिसला आणि मिस्त्रींनी स्वतःच छिन्नी मागवली. दगड उचलून उतार दिला, खाच कापली, फट भरली. भिंत महिनाभर उघडी ठेवली. त्या पावसाळ्यात मुलगी जुलैमध्ये एकदा सर्दीने आली, रात्रीचा खोकला दोनच दिवस होता. पंप सकाळ-संध्याकाळ चालूच आहे, मात्रा मात्र निम्मी केली आहे. माजघरातली दुसरी खिडकीही गळते, तिचे काम येत्या उन्हाळ्यात काढायचे ठरले आहे.