वीस मिनिटांची आवर्त ठेव

परवा माझी धाकटी बहीण लेकीला घेऊन जळगावहून धुळ्याला आली. भाचीच्या हातात वही होती. डोंगरवाटेने सलग काही दिवस धावून कमीत कमी वेळेचा विक्रम करायचा, असा तिचा बेत! आईचा जीव टांगणीला. ‘मामा, तुम्ही बँकेत होतात, हिशेब तेवढा तपासा,’ भाची म्हणाली.

अशा विक्रमांचा हिशेब मोठा मजेचा असतो. अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन पायवाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची. २०१८ साली बेल्जियमचे दंतवैद्य कारेल साबे यांनी ती ४१ दिवस ७ तासांत पार केली. २०२४ मध्ये टॅरा डॉवर या तरुणीने ४० दिवस १८ तासांत. फरक तेरा तासांचा; म्हणजे रोजची जेमतेम वीस मिनिटे! आमच्या भाषेत, आवर्त ठेव.

ही मिनिटे वाचतात कुठे? बाटली भरताना, मोजे बदलताना, चालता चालता घास घेताना. त्यासाठी साथीचे पथक पुढे जाऊन सारे तयार ठेवते. टॅराच्या पथकात तिची आईही होती. आपल्या मुक्ताईच्या पालखीचेही मुक्काम आधीच ठरलेले असतात, म्हणून तर वारकरी निश्चिंत चालतो.

भाचीच्या वहीत सराव चोख मांडला होता. बहुतेक धावणे सावकाश, गप्पा मारता येतील इतक्याच दमाने. लळिंगच्या किल्ल्याची चढउतार. लागोपाठ दोन दिवस लांब पल्ला, म्हणजे थकल्या पायांनाही सवय होते. एकच पान कोरे होते : थांबायचे केव्हा?

२०२१ च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातल्या शंभर किलोमीटरच्या शर्यतीत एकाएकी गारा, पाऊस आणि बोचरा वारा सुटला. एकवीस धावपटू दगावले. तिथे थंडीने घात केला. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो.

‘पोरी,’ मी म्हटले, ‘मर्यादा लिहिल्याशिवाय मी कधी कर्ज मंजूर केले नाही.’

तिने पेन उचलले. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, उलटी थांबेना, तर धावणे बंद. आणि हे धावणाऱ्याने नव्हे, पथकाने ठरवायचे. पथकप्रमुखाच्या जागी तिने आईचे नाव लिहिले.

बहिणीने ते पान दोनदा वाचले. मग मला म्हणाली, ‘भाऊ, वहीत आणखी एक ओळ लिही. विक्रम हुकला तरी घरी कोणी काही बोलायचे नाही.’