पालिकेचा ठेकेदार आणि त्याची संघटना

गटाराचं काम मार्चमध्ये संपलं, मोजमाप पुस्तकात नोंदही झाली, तरी बिल दिवाळीपर्यंत लेखा विभागातच अडकलेलं. मजुरांचा पगार मात्र दर शनिवारी द्यावाच लागतो. एकट्याची फाइल हलत नाही. पन्नास जण मिळून आयुक्तांना भेटले की दखल घेतली जाते. संघटनेत जायचं ते यासाठी. 1941 साली स्थापन झालेली बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही अशीच देशव्यापी संघटना. प्रवेशासाठी सहसा नोंदणीची कागदपत्रं, जीएसटी क्रमांक आणि वर्गणी लागते. पण सदस्यत्व म्हणजे पालिकेची नोंदणी नव्हे. सदस्य असलात तरी निविदेसोबतची बयाणा रक्कम भरावी लागते. आणि बैठकीत निविदेचे दर आपसात ठरू लागले, तर तिथून सरळ उठावं. स्पर्धा कायदा, 2002 अशा संगनमताला मनाई करतो आणि दंड संघटनेलाही होऊ शकतो.