डोक्याचा मार आणि परमनबोध

नागपूरहून दुर्ग-रायपूरमार्गे संबळपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ रायपूरकरांच्या नित्य परिचयाचा आहे. त्यावरून दुचाकीने कामास निघालेला एखादा तरुण घसरून पडला, अशी कल्पना करू. कवटी फुटली नाही. काही काळ हरपलेली शुद्धही परत आली. दोन-तीन महिन्यांत तो हिंडूफिरू लागला, हिशेब बिनचूक करू लागला. परंतु पाहुण्याने चहाला ‘नको, आत्ताच झाला’ म्हटले, की तो खरोखरच चहा आणीत नाही. वडिलांनी ‘या, लवकर उठलात!’ म्हटले, तर ती त्यास शाबासकी वाटते. आईचे डोळे भरून आले तरी त्याचे बोलणे थांबत नाही. मुलगा उर्मट झाला, असे घरचे म्हणू लागतात. वस्तुतः इजा झालेली असते ती निराळ्याच ठिकाणी.

दुसऱ्याच्या मनातील गोष्ट त्याने न सांगता ओळखण्याची एक शक्ती आपणांस असते. तिच्या इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर ‘मनाचा सिद्धांत’ असे होईल. परंतु तेवढ्याने वाचकास तत्त्वज्ञानाचा ग्रंथ हाती आल्याचा भास व्हावयाचा! म्हणून येथे ‘परमनबोध’ हा शब्द योजिला आहे. या बोधाचे मेंदूत एकच एक ठाणे नाही. कपाळामागील मध्यभाग, कानाच्या वरचा व मागचा भाग, आणखीही काही भाग मिळून हे कार्य करतात, आणि त्यांना जोडतात ते लांबच लांब मज्जातंतू. प्रौढ माणसाच्या मेंदूतील वेष्टनयुक्त तंतू एकापुढे एक मांडले तर त्यांची लांबी सुमारे दीड लक्ष किलोमीटर भरेल, असा अंदाज आहे.

धावते डोके एकाएकी थांबले वा गरकन वळले, की आतील मऊ मेंदू पिळवटतो व हे तंतू ताणले जातात. काही तत्काळ तुटतात. पुष्कळसे मात्र त्यानंतरच्या तासांत व दिवसांत, रासायनिक बिघाडाने तुटतात. साबिना स्ट्रिच या शास्त्रज्ञ महिलेने १९५६ साली अशा रुग्णांच्या मेंदूतील श्वेत द्रव्याचा व्यापक ऱ्हास वर्णिला. नेहमीच्या सीटी चित्रात तो बहुधा दिसत नाही. तंतूंच्या अनुरोधाने पाण्याचे रेणू कसे सरकतात हे टिपणारी चुंबकीय चित्रणपद्धती १९९० नंतरच्या दशकात आली, तेव्हा जिवंत माणसातही त्याचा माग काढता येऊ लागला. अशा रुग्णांत काही दुवे क्षीण झालेले आढळतात, तर काही उलट अधिक जोमाने जुळलेले. ही वाढ म्हणजे मेंदूची भरपाई की गोंधळ, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे अमेरिकेतील फिनिअस गेज. १८४८ साली रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना स्फोट होऊन मीटरभराहून लांब लोखंडी पहार या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. तो जगला, बोलला, चालला. पण तो पूर्वीचा गेज उरला नाही, असे त्याचे स्नेही म्हणत. २०१२ साली संशोधकांनी त्याच्या कवटीवरून गणित मांडले, तेव्हा पृष्ठभागाची हानी सुमारे ४ टक्के, तर जोडतंतूंची सुमारे ११ टक्के निघाली.

अशी उणीव मोजावयाची कशी? गोष्ट सांगून ‘येथे कोणी काही बोलू नये ते बोलले काय?’ असे विचारण्याची एक रीत आहे. परंतु परदेशी गोष्टींतील शिष्टाचार आपला नव्हे. तेथे ‘नको’ म्हणजे बहुधा नकोच! बंगळूरच्या ‘निम्हान्स’मधील संशोधकांनी भारतीय रीतिरिवाजांस धरून केलेल्या अशा चाचण्या २०११ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या मुख्यतः छिन्नमनस्कतेच्या रुग्णांसाठी होत्या, तथापि दिशा योग्यच होय. तोवर घरच्यांनी पाहिलेले बारीकसारीक बदल तारीखवार लिहून डॉक्टरांस दाखविणे फार उपयोगाचे. कारण रुग्णास स्वतःस ते बहुधा जाणवत नाहीत.

गेजविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अपघातानंतर काही वर्षांनी तो चिली देशात गेला आणि तेथे त्याने कित्येक वर्षे सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. रोज ठरावीक वेळ, ठरावीक वाट, आणि उतारूंशी बोलणे.