गालिच्याची आंघोळ किती महिन्यांनी?

घरात गालिचा आहे? मग हे वाचता वाचताच एक काम करा. त्याचा एक कोपरा उलटा करा आणि मागच्या बाजूवर तळहाताने पाच-सहा जोरदार थापा मारा. आता खालची फरशी बघा. बारीक वाळूसारखी भुकटी पडलीये? अभिनंदन! तुमच्या दिवाणखान्यात एक छोटीशी चौपाटी तयार झालीये.

आणि गंमत म्हणजे वरून तो अगदी झकास दिसत असतो. गालिच्याचा हाच तर गुण. धूळ पोटात घालायची आणि चेहरा हसरा ठेवायचा.

आपल्या आईआज्ज्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. बैठकीला सतरंजी अंथरायची, पाहुणे गेले की गॅलरीत नेऊन झटकायची आणि घडी घालून कपाटावर टाकायची. जाजम बाहेर निघायचं ते लग्नकार्याला. गालिचा असायचा तो सिनेमातल्या रायबहादूरांच्या बंगल्यात. आता टू बीएचकेचा ताबा मिळाला की सोफा येतो, सोफ्यापुढे सेंटर टेबल येतं आणि टेबलाखाली गालिचा येतोच. कुणी श्रीनगरच्या ट्रिपवरून आणलेला, कुणी भदोहीचा ऑनलाइन मागवलेला, तर कुणी मॉलमधल्या सेलमध्ये पटकावलेला. पडदे दिवाळीला उतरतात, सोफ्याची कव्हरं मशीनमध्ये जातात. गालिचा मात्र जिथे पडला तिथे पडला. ‘दिसतोय की चांगला!’

मग कधी तरी आपण नेटवर शोधतो आणि ठरलेलं उत्तर मिळतं: प्रोफेशनल क्लीनिंग दर 12 ते 18 महिन्यांनी. हा सल्ला मूळचा अमेरिकेतला. तिथली कार्पेट उद्योगाची संघटना, कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूट, हाच आकडा सांगते. पण तो प्रामुख्याने कुठल्या कार्पेटसाठी? भिंतीपासून भिंतीपर्यंत पक्क्या बसवलेल्या, कधीच उचलता न येणाऱ्या आणि बऱ्याचदा नायलॉनच्या कार्पेटसाठी. त्यावरून बुटांनिशी फिरणारी माणसंही तिथे कमी नाहीत. आपला गालिचा सुटा असतो. उचलता येतो, उलटता येतो, गच्चीवर नेता येतो. चपला दाराबाहेर. म्हणजे आपण सुटलो?

तर तसंही नाही. आपण खिडक्या सताड उघड्या ठेवणारी माणसं. समोर रीडेव्हलपमेंट, मागे मेट्रो, कोपऱ्यावर कायम खणलेला रस्ता. बांधकामाच्या धुळीचे कण कडक आणि धारदार असतात. ते लोकरीच्या मुळाशी जाऊन बसतात आणि वरून पाय पडला की धागा बुडापासून कापला जातो. गालिचा ‘झिजला’ असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा तो खरं तर आतून कातरला गेलेला असतो. शिवाय अनवाणी पाय. तळव्यांचं तेल धाग्यांना लागतं, तेलाला धूळ चिकटते आणि सोफ्यापासून टीव्हीपर्यंत एक काळपट पायवाट उमटते. तेव्हा अमेरिकेचा आकडा अमेरिकेत ठेवा. आपलं गणित वेगळं मांडायला हवं.

आधी तो आहे कशाचा?

‘किती महिन्यांनी’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, गालिचा नक्की कशाचा बनलाय? कारण एकाला जो उपचार, तो दुसऱ्याला विष.

मागची बाजू बघा. पुढची नक्षी मागेही स्पष्ट दिसतेय, बारीक बारीक गाठी मोजता येतायत, तर तो हाताने गाठी मारून विणलेला. मागे जाडं कापड चिकटवलंय, तर तो बहुधा टफ्टेड. म्हणजे कापडात धागे घुसवून मागून लॅटेक्सने पक्के केलेले. दुकानदार ‘हँडमेड’ म्हणतो ते खोटं नसतं, पण हाताने विणलेला आणि हाताने टफ्ट केलेला यात जमीन-अस्मानाचा फरक. लॅटेक्स काही वर्षांनी वाळून भुगा व्हायला लागतं, आणि ओलं राहिलं की त्याला जो वास सुटतो तो अगरबत्तीला जुमानत नाही. गालिच्याखाली पिठासारखी भुकटी सतत पडत असेल, तर ती धूळ नाही, तो गालिचाच आहे. तिथे धुलाईवर पैसे घालू नका.

मग धागा. कडेचा एखादा सुटा धागा काढा, चिमट्यात धरा, सिंकवर नेऊन काडी लावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरगळली, तर लोकर किंवा खरं रेशीम. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. आणि कागद जळल्यासारखा वास आला तर? दोन शक्यता. धागा साधा, मंद असेल तर सुती. रेशमासारखा चमकत असेल, तर जरा खुर्चीत बसून घ्या, कारण तो व्हिस्कोज आहे. ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशा गोंडस नावांनी विकला जातो तो हाच. व्हिस्कोज ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. त्यावर फिरता ब्रश चालवला की जागच्या जागी फरचा चोथा होतो, वाळल्यावर पिवळट डाग राहतात ते वेगळेच. असा गालिचा धुवायचा नसतो. हलक्या हाताने व्हॅक्यूम करायचा, आणि अगदीच नाइलाज झाला तर ‘हा व्हिस्कोज आहे’ असं आधी बजावून जाणत्या माणसाकडे द्यायचा.

काश्मीरच्या गालिच्याला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं आणि 2022 पासून त्यावर क्यूआर कोडचं लेबल लावायला सुरुवात झाली, त्यामागे हेच दुखणं आहे. रेशमाच्या नावाखाली काय काय गळ्यात मारलं जातं हे दल लेकच्या काठावर खरेदी केलेल्यांना विचारा!

आमच्या ओळखीतलं एक जोडपं आहे. दोघंही हिंजवडीत, बाणेरला फ्लॅट. हनिमूनला घेतलेला ‘प्युअर सिल्क’ गालिचा, त्याचे हप्ते दोघांनी वर्षभर फेडले. बाळ रांगायला लागलं तशी आईला धास्ती वाटली, हे सगळं तोंडात जातंय! बुकिंग झालं. माणूस वेळेवर आला, फिरत्या ब्रशचं मशीन लावलं, भरपूर फेस केला, तासाभरात निघून गेला. महिना जुलै. बाहेर संततधार, खिडक्या बंद. गालिचा वाळायला चार दिवस लागले, म्हणजे तो वाळला असं चौथ्या दिवशी सगळ्यांनी ठरवलं. मग कुबट वास सुटला. मग बाळाची सर्दी हटेना, रात्री छातीत घरघर. डॉक्टरांनी बाकी सगळं विचारता विचारता घरात गालिचा आहे का तेही विचारलं. ‘आत्ताच धुतलाय’, ही अभिमानाने म्हणाली. ते म्हणाले, ‘वाळला का?’

पावसाळा आणि न बोलावलेले पाहुणे

डॉक्टरांचा प्रश्न अगदी बरोबर होता. गालिच्यात राहतात डस्ट माइट्स. आकार साधारण पाव-अर्धा मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसून न दिसल्यासारखे. खाणं आपल्या त्वचेचा गळलेला कोंडा. पाणी ते पीत नाहीत, हवेतली आर्द्रता शोषून घेतात. हवा कोरडी झाली, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली, की त्यांचं जगणं कठीण होतं. आता जुलैतली मुंबई आठवा. ऐंशी टक्क्यांच्या वर! म्हणजे त्यांच्यासाठी फाइव्ह स्टार बुफे. अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेमुळे, आणि दमा असलेल्याला तेवढं पुरतं. त्यात ओला गालिचा 24 ते 48 तासांत वाळला नाही की बुरशी धरायला लागते. म्हणजे पावसाळ्यात गालिचा धुवून घेणं हा स्वच्छतेचा नव्हे, शेतीचा प्रकार झाला.

म्हणून कॅलेंडरवर महिने मोजण्याआधी ऋतू बघा. मुंबई-पुणे-नाशिककरांसाठी धुण्याचे दोनच मोसम. एक, पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात. दुसरा मार्च ते मे. जून ते सप्टेंबर गालिच्याला पाणी लावायचं नाही. व्हॅक्यूम करा, जमलं तर ड्राय मोडवर एसी चालवा, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे गुंडाळून ठेवून द्या. मात्र स्वच्छ करून, पूर्ण कोरडा असताना. घडी नाही, गुंडाळी. मळका लोकरी गालिचा पलंगाखाली चार महिने ठेवलात तर कसर लागलीच म्हणून समजा. तिला लोकर आवडते, आणि त्यावर सांडलेल्या चहा-घामाचं तोंडीलावणं असेल तर जास्तच. सिंथेटिकला ती तोंड लावत नाही, गरिबाच्या गालिच्याचा तेवढाच फायदा.

आता आकडा. लोकरीचा गाठीचा गालिचा, रोजची वर्दळ, घरात रांगतं मूल किंवा कुत्रा: वर्षातून एकदा, दिवाळीआधी. तोच बेडरूममध्ये, फक्त दोन जोडी पाय: दोन-तीन वर्षांनी चालेल. पाहुण्यांच्या खोलीत नुसता मिरवणारा असेल तर कोपरा थापटून बघा, भुकटी पडेपर्यंत हात लावू नका. उगाच धुण्यानेही आयुष्य कमी होतंच. दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेलं कुणी घरात असेल, तर माझ्या मते ‘किती महिन्यांनी’ हा प्रश्नच चुकीचा. झोपायच्या खोलीतून गालिचा सरळ बाहेर काढा. घरच्या घरी धुता येणारी सुती सतरंजी कितीतरी देखणी दिसते, आणि तिला कुणाला बोलवावं लागत नाही.

सेलमधल्या पॉलिप्रॉपिलीनवाल्याचं गणित तर पाचवीतलं. पाच बाय आठ म्हणजे चाळीस चौरस फूट. समजा दर फुटाला 25 रुपये, म्हणजे एका वेळचे हजार. गालिचाच तीन हजारांचा असेल, तर तीन धुलाईत तो दुसऱ्यांदा विकत घेतला की! त्याला गच्चीवर न्या, सौम्य साबण, पाइपचं पाणी, एप्रिलचं ऊन. लोकरीच्या वाट्याला मात्र हे जाऊ नका. धुण्याचा सोडा आणि ब्लीच लोकरीची वाट लावतात. आजी शाली रिठ्याने धुवायची ते काही उगाच नाही.

माणसाला काय विचाराल?

फोनवर दर विचारण्याआधी पद्धत विचारा. घरी येऊन करतात ते साधारण दोन प्रकार. शॅम्पूवाला फेस: लगेच चकाचक, पण साबण आत राहिला तर त्यालाच धूळ चिकटते आणि महिन्याभरात गालिचा आधीपेक्षा काळा. दुसरा, ज्याला सगळे ‘स्टीम’ म्हणतात. त्यात बहुतेक वेळा वाफ नसतेच, गरम पाणी दाबाने सोडून लगेच ओढून घेतात. सिंथेटिकला हा बरा, फक्त ओढणारं मशीन दमदार हवं. गाठीचा, खऱ्या लोकरीचा किंवा रेशमाचा गालिचा घरी धुवून घेऊच नका. तो कारखान्यात जायला हवा. तिथे आधी मागून ठोकून धूळ काढतात, मग पूर्ण धुतात, पाणी निथळवतात, पसरून वाळवतात. न्यायला येतील तेव्हा चारही कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचे फोटो काढून ठेवा. ‘रंग जातो का ते कसं तपासता?’ हे जरूर विचारा. ओलसर पांढरं फडकं काही मिनिटं दाबून धरतात, रंग उतरला तर कळतं. जो ‘कुछ नहीं होगा मॅडम’ म्हणतो, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

मधल्या काळात तुमचं काम आठवड्यातून एक-दोनदा व्हॅक्यूम, महिन्यातून एकदा उलटा करून मागूनही. वर्षात दोनदा गालिचा अर्धा वर्तुळ फिरवा, म्हणजे पायवाट एकाच जागी पडणार नाही. रोबो फिरवत असाल तर झालरीपाशी लक्ष ठेवा, ती गिळण्यात तो पटाईत असतो.

आणि सांडलं तर? टिपायचं, घासायचं नाही. रस्सा सांडला असेल तर साबणाला अजिबात हात लावू नका. हळदीला साबण लागला की डाग लालभडक होतो, हे पांढऱ्या शर्टवर आपण सगळ्यांनी पाहिलंय. थंड पाण्याने टिपा आणि तेवढा भाग दोन-तीन दिवस उन्हाला लागेल असा ठेवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो. गालिच्याचा रंगही जास्त उन्हाने उडतो, म्हणून बाकीच्यावर जुनी चादर टाका. आणि ऑक्टोबरचं बुकिंग गणपती उठले की लगेच करून टाका, दसऱ्यानंतर कुणी फोन उचलत नाही.