खेळाडूची दुखापत : विश्रांती म्हणजे उपचार नव्हे

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांग्झूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातील घरांना मुलीचे धावणे हा चरितार्थाचाही मार्ग वाटावा, असेच हे यश होते. शासकीय सेवेतील ५ टक्के क्रीडा आरक्षण पाहता ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. मात्र या वाटेवर दुखापतीचा एक अडसर असतो, आणि सत्कारसमारंभांत त्याची चर्चा सहसा होत नाही.

कबड्डीच्या मैदानावर गुडघा एका क्षणात पिळवटतो आणि लिगामेंट तुटते. लांब पल्ल्याच्या धावपटूची दुखापत बहुधा अशी अपघाताने होत नाही. ती साचत जाते. नडगी कित्येक आठवडे कुरकुरते आणि अखेरीस हाडाला बारीक चीर पडते. टाचेमागच्या कंडरेचेही तसेच. सरावाचे अंतर एकदम वाढविणे हे याचे नेहमीचे कारण, आणि स्पर्धा जवळ आली की नेमके तेच केले जाते.

त्यावर घरगुती इलाज ठरलेला : आंबेहळदीचा लेप, मालिश आणि ठणका थांबेपर्यंत पडून राहणे. ठणका थांबला की पुन्हा पूर्वीइतकीच धाव. घोटाळा येथेच होतो. वेदना शमणे आणि फाटलेला भाग सांधणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रथम काही दिवस सूज येते. ती दुरुस्तीचीच सुरुवात असते. पुढील काही आठवडे कोलॅजनचे नवे धागे विणले जातात; परंतु ते बाजेच्या सैल सुंभासारखे अस्ताव्यस्त असतात. त्यांना दिशा व बळ येते ते नंतरच्या काही महिन्यांत, आणि तेही बेताबेताने ताण वाढविला तरच. स्नायूला रक्तपुरवठा मुबलक, म्हणून तो लवकर सावरतो. कंडरा व लिगामेंट यांना तो तुटपुंजा, म्हणून त्यांना महिने लागतात.

स्वीडनमधील उमेओ येथे १९९८ साली झालेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. टाचेमागच्या जुनाट दुखण्याने बेजार झालेल्या १५ धावपटूंना पायरीच्या कडेवर उभे करून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम देण्यात आला. रोज १८० वेळा, असे १२ आठवडे. ते सर्वजण पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले. (पुढील प्रयोगांत सर्वांनाच इतके यश लाभले नाही, तरीही पद्धत टिकली.) साधन म्हणाल तर जिन्याची एक पायरी. तेव्हा खर्च मुख्यतः वेळेचा आहे.

हा वेळ कोणाला परवडतो? सचिन तेंडुलकर यांच्या कोपराच्या दुखण्यावर २००५ साली लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांच्या उपजीविकेला धोका नव्हता. सुरगाण्याच्या मुलीच्या दृष्टीने १२ आठवडे म्हणजे निवडचाचणी हुकणे, प्रसंगी वयोगटही ओलांडणे. ती पायाला पट्टी बांधून धावते यास अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्या परिस्थितीत तो हिशेबी निर्णयच आहे, आणि म्हणूनच नुसत्या उपदेशाने तो बदलणार नाही.

हिशेब बदलण्याची साधने दूर नाहीत. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे आणि फिजिओथेरपीचे शिक्षण त्याच्याच कक्षेत येते. त्या शाखेच्या प्रशिक्षणार्थींना आठवड्यातून एक दिवस हरसूल किंवा पेठच्या आश्रमशाळांच्या मैदानांवर पाठविता येईल. दुखापतीचा वैद्यकीय दाखला असलेल्या खेळाडूंसाठी निवड समित्यांना तीन महिन्यांनी दुसरी चाचणीही घेता येईल. तिला लागतील दोन पंच, एक घड्याळ आणि एक सकाळ.